"पेट्रोल संपतंय" असं पायलट सांगतोय आणि एटीसीला कळत नाही, हे कसं शक्य आहे?

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी,

विमानातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो, पण रात्री जेवणं उरकली की यूट्यूबवर विमान अपघातांचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. परवा आवियांका ५२ चा बघितला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाचं बोइंग ७०७, बोगोटाहून मेडेयीन करून न्यूयॉर्कला चाललेलं. तिथल्या जेएफके विमानतळावर उतरायच्या आधीच इंधन संपलं आणि लाँग आयलंडवर कोव्ह नेक नावाच्या गावात कोसळलं. १५८ माणसं, त्यातली ७३ गेली. आग लागलीच नाही म्हणे, कारण पेटायला टाक्यांत काही उरलंच नव्हतं.

आता माझा प्रश्न. पायलटने रेडिओवर सांगितलं होतं हो! "वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल" हे शब्द रेकॉर्ड झालेत. तरी एटीसीचा (एअर ट्रॅफिक कंट्रोल, जमिनीवरून विमानांना सूचना देणारे) कंट्रोलर त्याला लांबून वळसा घालून आणायला निघाला. व्हिडिओवाला म्हणतो पायलट लोकांचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून झालं. मला नाही पटत, "फ्युएल संपतंय" ह्यात कच्चं काय आणि पक्कं काय? मला तर सरळसरळ एटीसीचा निष्काळजीपणा दिसतो. आणि आपल्या मुंबईत तर एका वेळी एकच रनवे चालतो, गर्दीच्या वेळी दर सव्वा-दीड मिनिटाला एक विमान वर नाहीतर खाली, तिथे असं कोणी बोललं तर ऐकायला वेळ तरी असतो का कोणाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठाणे_स्लो

जेटमध्ये पेट्रोल नसतं हो, एटीएफ असतं, ते रॉकेलच्या जातीचं. बाकी आपण खुर्ची टाकून बसलोय, माजी_टॉवर काका येतीलच.

माजी_टॉवर

आलो. ठाणे_स्लो, तुला दुसरे उद्योग नाहीत का रे?

नोकरीभर हेडसेट लावून बसलो, त्यामुळे मी कंट्रोलरचीच बाजू घेणार असं वाटेल तुम्हाला. थोडी घेणारही आहे. पण आधी तो संवाद सलग वाचा, व्हिडिओत नुसते तुकडे असतात.

त्या दिवशी न्यूयॉर्कला हवा खराब, विमानांची रांग लागलेली. ह्याला तीन ठिकाणी घिरट्या घालत थांबवलं, आधी नॉरफोकजवळ, मग अटलांटिक सिटीजवळ आणि शेवटी जेएफकेच्या तोंडाशी. सगळं मिळून १ तास १७ मिनिटं. तिसऱ्या होल्डिंगमध्ये अजून थांबा म्हटल्यावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणतो, मला वाटतं आम्हाला प्रायॉरिटी लागेल. कंट्रोलर विचारतो, किती वेळ थांबू शकता आणि तुमचं पर्यायी एअरपोर्ट कोणतं? ह्याचं उत्तर, पाचेक मिनिटं थांबू शकतो, पर्यायी बॉस्टन होतं पण आता तिथवर जाता येणार नाही, इंधन संपेल. मी इतक्या वर्षांनी ते ट्रान्सक्रिप्ट वाचलं तरी इथेच अडकतो, कारण सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे आणि ते जागच्या जागी विरलं. शेजारी बसलेला दुसरा कंट्रोलर फोनवर पुढच्या युनिटला हे विमान देत होता. त्याने काय सांगितलं? हा होल्डमध्ये अजून पाचच मिनिटं थांबू शकतो, घेताय की पर्यायी एअरपोर्टला लावून देऊ? म्हणजे बॉस्टनचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं! पुढचा म्हणाला, स्पीड कमी कर, घेतो. त्याच्या दृष्टीने विषय मिटला. पाच मिनिटांत बोलावलं ना मग झालं, आता रांगेतलं एक साधं विमान.

तुम्ही "एटीसीला सांगितलं" म्हणता ना, तर एटीसी म्हणजे एक माणूस नव्हे. जमिनीवर उतरेपर्यंत विमान चार-पाच हातांतून जातं, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. आमच्या वेळी कागदी स्ट्रिपवर हाताने लिहून शेजाऱ्याच्या पुढ्यात सरकवायचो आणि वर तोंडानेही सांगायचो, त्याने मान डोलावली तरी "काय ऐकलंस ते बोल" म्हणून परत वदवून घेणारे सीनियर होते. तेव्हा राग यायचा त्यांचा.

आता कॉकपिटमध्ये या. कॅप्टनला इंग्रजी फारसं येत नव्हतं, रेडिओ पूर्ण फर्स्ट ऑफिसरकडे. रनवे २२ लेफ्टला पहिला अप्रोच, म्हणजे उतरायचा पहिला प्रयत्न, शेवटच्या टप्प्यात वाऱ्याने दगा दिला, विमान खचलं, रनवे दिसला नाही, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. कॅप्टन सांगतो, आपण एमर्जन्सीत आहोत हे त्यांना सांग. फर्स्ट ऑफिसर रेडिओवर बोलतो ते असं, की हेडिंग (विमानाची दिशा) १८०, पुन्हा एकदा प्रयत्न करतो, वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल. म्हणजे कंट्रोलरने दिलेल्या हेडिंगचं रीडबॅक (ऐकलेलं परत म्हणून दाखवणं) पहिलं आणि त्याच्या शेपटाला इंधन! "एमर्जन्सी" हा शब्द गायब. कॅप्टन परत विचारतो, सांगितलंस का? हा म्हणतो, हो सर, सांगितलं. कॅप्टनने विश्वास ठेवला. मग कंट्रोलर विचारतो, तुम्हाला १५ मैल ईशान्येला नेतो आणि वळवून परत अप्रोचला आणतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? आता बघा, इथे कंट्रोलरने इंधनाचं नाव घेऊन स्वतःहून विचारलंय. आणि उत्तर येतं, "आय गेस सो, थँक यू व्हेरी मच." त्यानंतर थोड्याच वेळात एकामागून एक इंजिनं बंद पडली.

घरात कोणी "छातीत जरा जड वाटतंय" म्हणालं तर आपण "पाणी देऊ का" विचारतो, "ॲम्ब्युलन्स बोलवा" म्हणालं तर धावतो. दोन्ही वाक्यं खरीच असतात. त्या रात्री तास-तास होल्ड केलेल्या सगळ्यांचंच इंधन उतरत चाललं होतं, त्यामुळे "संपत आलंय" ऐकून कोणी खुर्चीतून उठलं नाही. "मेडे" ही आणीबाणीची हाक ऐकली असती तर समोरची आख्खी रांग बाजूला केली असती, ते करायला कंट्रोलरला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून इंग्रजी कच्चं ही पळवाट आहे असं माझं मत. ज्याला "आय गेस सो, थँक यू व्हेरी मच" येतं त्याला "एमर्जन्सी" येत नाही? भिडस्तपणा नडला. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनेही ठपका आधी क्रूवर ठेवला, इंधनाचं नियोजन चुकलं आणि आणीबाणी जाहीर केली नाही म्हणून. पण एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचं, गर्दीचं नियोजन तोकडं होतं आणि कमी इंधनासाठी सगळ्यांना एकसारखे कळतील असे ठरलेले शब्दच नव्हते, हेही त्याच अहवालात आहे.

खिडकीची_सीट

काका, दंडवत. एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. पण म्हणजे तो शेजारचा कंट्रोलर अर्धवट ऐकतो आणि तरी खापर पायलटवर? आणि आता तरी ते "ठरलेले शब्द" आहेत का?

उजवी_सीट

मी उत्तर देतो, एअरबसवर उजवीकडे, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या जागी, बसतो, कंपनी विचारू नका.

हो, आहेत. २०१२ पासून आयकाओच्या (विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संस्था) नियमात दोन पायऱ्या आहेत. पहिली "मिनिमम फ्युएल". ह्याचा अर्थ असा की मी आता ठरलेल्या एअरपोर्टलाच उतरणार, आणि अजून उशीर केलात तर राखीव इंधनाला हात लागेल. ह्याने रांगेत पुढे घेत नाहीत, फक्त सगळे सावध होतात. दुसरी "मेडे मेडे मेडे फ्युएल". उतरताना शेवटच्या ३० मिनिटांच्या राखीव साठ्यापेक्षा कमी उरणार असा हिशोब आला की हे म्हणायचंच, तिथे "मला वाटतं" वगैरे नाही. आपल्याकडचं ताजं उदाहरण, जून २०२५ मध्ये गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या विमानाने फ्युएल मेडे दिला आणि बंगळुरूला सुखरूप उतरलं. त्यावर चॅनेलवाल्यांनी दिवसभर दळण दळलं, आणि त्या पायलटना ड्युटीवरून उतरवल्याच्या बातम्या आल्या. चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही, पण काका, भिडस्तपणा फक्त स्वभावाचा नसतो हो. मेडे म्हटलं की कागद निघणार, इंधन किती घेतलं, का घेतलं, आधीच का वळला नाहीत, सगळं विचारणार, हे डोक्यात असतं माणसाच्या. मनातल्या मनात हिशोब करत "बसतंय, बसतंय" म्हणत पुढे जाण्याचा मोह इथून येतो.

दुसरं म्हणजे, रीडबॅक घेतलं की काम झालं असं नाही. २३ मे २०२२, पॅरिस शार्ल द गॉल, पाऊस, ढग खाली, त्या रनवेचं आयएलएस (रेडिओने रनवेची वाट दाखवणारी यंत्रणा) बंद. अशा वेळी काही अप्रोचमध्ये उंचीसाठी विमान पूर्णपणे हवेच्या दाबावर अवलंबून असतं, आणि तो दाब कंट्रोलर सांगतो. खरा दाब १००१ होता, कंट्रोलर १०११ म्हणाली. क्रूने चोख रीडबॅक दिलं, १०११. तिला चूक कळली नाही, कारण दोघं एकच आकडा बोलले! दहा हेक्टोपास्कल म्हणजे पावणेतीनशे फुटांच्या आसपास, तेवढं विमान खाली आणि कॉकपिटमधली प्रत्येक सुई सांगतेय सगळं ठीक. रनवेच्या अलीकडे जवळपास मैलभरावर ते जमिनीपासून ६ फुटांवर आलं होतं. सहा फूट! रनवे दिसला नाही म्हणून त्यांनी ठरल्याप्रमाणे गो-अराउंड केला होता, तेवढ्याने वाचले. दुसऱ्या अप्रोचलाही दाब तोच चुकीचा होता, पण तेव्हा रनवे आणि कडेचे लाल-पांढरे दिवे दिसले म्हणून उंची सावरली.

उपाय म्हटलं तर साधा आहे, एटिसवर म्हणजे एअरपोर्टच्या रेकॉर्डेड हवामान संदेशात तोच दाब असतो, तो आधी लिहून ठेवलेला असतो, ताडून बघायचा. पण विमान खाली येत असतं, फ्लॅप, गिअर, चेकलिस्ट, पाऊस, आणि त्यात रेडिओवर आकडा येतो, आपण तोंडाने म्हणतो, हाताने लावतो. कान आणि हात काम करतात, डोकं दुसरीकडे असतं.

ठाणे_स्लो

६ फूट वाचून पाय वर घेतले मी खुर्चीवर.

निशीकसाईकर

तोक्योतून लिहितेय, आमच्या इथे इंडियन लोकांची वस्ती भरपूर, आणि हानेदाची ती रात्र आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर लाइव्ह बघितली. २ जानेवारी २०२४. आदल्या दिवशी नोतोचा भूकंप झालेला, त्याची मदत घेऊन कोस्ट गार्डचं छोटं विमान निगाताला निघालं होतं. टॉवरने त्यांना सांगितलं, नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत जा. म्हणजे रनवेच्या अलीकडे थांबा, उड्डाणासाठी तुमचा पहिला नंबर. त्यांनी रीडबॅकही बरोबर दिलं. आणि तरी ते रनवेवर जाऊन उभे राहिले, कॅप्टनची समजूत अशी की आपल्याला परवानगी मिळालीये. जवळजवळ ४० सेकंद उभे होते तिथे, अंधारात, आणि वरून साप्पोरोहून आलेलं ए३५० हे मोठं प्रवासी विमान लँडिंग क्लिअरन्स (उतरायची परवानगी) घेऊन येत होतं. कोस्ट गार्डच्या ६ पैकी ५ जण गेले. मोठ्या विमानातले सगळे ३७९ बाहेर पडले, त्याचं कौतुक जगभर झालं, पण माझं लक्ष त्या ४० सेकंदांकडे जातं. टॉवरच्या स्क्रीनवर रनवे अडल्याची खूण दिसत होती म्हणे, कोणाचं लक्ष नव्हतं. नंतर काही काळ "नंबर वन" म्हणणंच बंद केलं होतं इथे. उजवी_सीट, तुम्हाला काय वाटतं, "नंबर वन" ऐकून असं होऊ शकतं?

उजवी_सीट

होऊ शकतं. दिवसभर कामात धावपळ झालेली असेल, उशीर झालेला असेल, तर "नंबर वन" ऐकल्यावर मन पुढचं वाक्य स्वतःच भरून घेतं. जे ऐकायची इच्छा असते तेच ऐकू येतं. म्हणून रनवेवर पाऊल टाकायच्या आधी दोघांनी एकमेकांना मोठ्याने विचारायचं, क्लिअरन्स आहे ना? एकाने जरी "नक्की माहीत नाही" म्हटलं तर ब्रेक, आणि टॉवरला परत विचारायचं. लाजायचं नाही.

थापाथळी_ते_ठाणे

नेपाळमध्ये बरीच वर्षं कामाला होतो म्हणून काठमांडूचं सांगतो. १२ मार्च २०१८, ढाक्याहून आलेलं यूएस-बांगला कंपनीचं डॅश ८, ७१ जण, ५१ गेले. त्या संभाषणाची रेकॉर्डिंग त्याच दिवशी सगळीकडे फिरली होती, तेव्हा ऐकली, परत ऐकवत नाही. तिथे एकच पट्टी आहे, दक्षिणेकडून आलात तर तिचं नाव ०२, उत्तरेकडून आलात तर २०. ह्याला परवानगी ०२ ची, पण रनवे हुकवून हा पलीकडे डोंगरांच्या बाजूला गेला आणि भरकटला. टॉवर विचारतोय ०२ की २०, उत्तर एकदा हे, एकदा ते, आणि टॉवर बिचारा तो म्हणेल त्याला हो म्हणतोय. दुसऱ्या विमानांतले नेपाळी पायलट नेपाळीत टॉवरला सांगतायत की हे गोंधळलेले दिसतायत, ह्यांना रडारने बाहेर काढा. म्हणजे फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्यांना कळलं होतं, फक्त ज्याला कळायला हवं त्याला ती भाषा येत नव्हती. शेवटी विमान इतकं तिरकं आणि खाली आलं की टॉवरमधले लोक खाली वाकले, आणि घाबरून जे तोंडातून निघालं ते "टेकऑफ क्लिअरन्स कॅन्सल्ड", लँडिंगच्या ऐवजी.

अहवालात मुख्य कारण क्रूचं दिशाभान सुटणं हेच दिलंय, कॅप्टन प्रचंड मानसिक ताणाखाली होता. ते मान्यच. पण माजी_टॉवर, मला सांगा, कंट्रोलरने अशा वेळी "तुम्ही म्हणाल तसं" करायचं की दरडावून वर पाठवायचं?

माजी_टॉवर

वर पाठवायचं. उत्तर दोनदा बदललं की तिसऱ्यांदा विचारायचंच नाही. "गो अराउंड, ह्या उंचीवर जा, हे हेडिंग घे", संपलं. वर गेल्यावर दोन मिनिटं शांतपणे बोलायला मिळतात. आता घरात बसून हे बोलणं सोपं आहे हेही मान्य, आणि डोंगरांत तर कुठलं हेडिंग द्यायचं हाच प्रश्न असतो. तरी उतरायला हो म्हणत राहणं सगळ्यात वाईट.

खिडकीची_सीट, तुमचं मुंबईचं राहिलं. ८ जून २०२४ ला झालं की तिथे, रनवे २७ वर एक विमान उड्डाणासाठी धावत सुटलेलं आणि त्याच्या मागे दुसरं टेकलं. पहिलं जेमतेम हवेत उचललं होतं. तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल. उतरणाऱ्या पायलटकडे क्लिअरन्स होता, डीजीसीएने (आपलं विमान वाहतूक महासंचालनालय) कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला केलं. म्हणजे इथे बोलणं स्पष्ट, रीडबॅक स्पष्ट, दोन विमानांमधलं अंतर मात्र कमी पडलं. म्हणून मी सारखा म्हणतो, सगळं "कम्युनिकेशन"च्या खात्यात टाकू नका, पट्टी एक आणि विमानं दिवसाला ९०० च्या वर, हा हिशोब कुठेतरी बाहेर पडणारच.

खिडकीची_सीट

पटलं बऱ्यापैकी. तरी त्या शेजारच्या कंट्रोलरला मी सोडत नाही, सॉरी. अवांतर, पुण्यात आणि गोव्यात लँडिंगला मिलिटरीचे लोक बोलतात हे खरं का?

माजी_टॉवर

खरंय. लोहगावला एअर फोर्स, दाभोळीला नेव्ही, धावपट्टी त्यांची आणि कंट्रोलही त्यांचा. मोपाला तसं नाही, तिथे एएआयचे (एअरपोर्ट्स अथॉरिटीचे) लोक. बोलण्याचे शब्द सगळीकडे तेच. आणि त्या कंट्रोलरला नका सोडू, मीही सोडलेलं नाही. फक्त हे लक्षात घ्या, की त्याच्या कानात तेव्हा फोनवरचा माणूस बोलत होता आणि दुसऱ्या कानाने तो रेडिओ ऐकत होता.

ठाणे_स्लो

शेवटचा प्रश्न, मागच्या महिन्यात पुण्याला उतरता उतरता आमचं विमान एकदम वर गेलं, दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, शेजारच्या आजी रामरक्षा म्हणायला लागल्या. तेवढं एक वाक्य सांगायला काय होतं पायलटला?

उजवी_सीट

आधी विमान वर न्यायचं, मग कुठे जायचं ते बघायचं, मग टॉवरशी बोलायचं, मग ॲप्रोच कंट्रोलरशी, मग पुढच्या अप्रोचची तयारी आणि इंधनाचा हिशोब, मग केबिन क्रूला फोन. तुमचा नंबर त्यानंतर. दहा मिनिटं जरा जास्त झाली, पण पहिली चार-पाच मिनिटं आम्ही गप्प असू तर काम चाललंय असं समजा. आजींना माझा नमस्कार सांगा.